पैसा कुणाचा? ख्रिस्ती विचारातला कारभारी

दुसऱ्याच्या मालाचं दान करून स्वतः पुण्य पदरात पाडून घेणं, याला मराठीत आपण हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं म्हणतो. म्हण टोमण्याची आहे. तरीही पैशाबद्दलचा ख्रिस्ती विचार कुठून सुरू होतो हे सांगायला मला तिच्याइतकं नेमकं काही सापडत नाही, कारण या विचारानुसार माणसाचं प्रत्येक दान याच जातीचं असतं. बायबलच्या जुन्या करारात दावीद राजा मंदिराच्या बांधकामासाठी लोकांकडून देणग्या गोळा करतो. सोनं, चांदी, पितळ, लोखंड, रत्नं असं बरंच काही जमतं. राजा आता दात्यांचा गौरव करेल असं वाटतं. तो मात्र देवाकडे वळून विचारतो, की असं मोकळ्या हाताने देणारे आम्ही कोण? सगळं तुझ्याकडूनच आलेलं, तुझ्याच हातचं घेऊन आम्ही तुला दिलं. (पहिला इतिहास, अध्याय २९.)

पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं परमेश्वराचं आहे, असं चोविसावं स्तोत्र पहिल्याच ओळीत सांगून टाकतं. मग माणूस कोण? बायबलचं उत्तर आहे, कारभारी. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक समाजांमध्ये, ‘कारभारीपण’ हा शब्द त्यामुळेच रुळला आहे. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘ओइकोनोमोस’. ‘ओइकोस’ म्हणजे घर, ‘नोमोस’ म्हणजे नियम किंवा व्यवस्था. ‘इकॉनॉमी’ हा शब्द याच घराण्यातला.

त्या काळच्या मोठ्या घरात कारभारी नेमकं काय करायचा हे कळलं, की बरीच गुंतागुंत सुटते. कोठाराच्या किल्ल्या त्याच्याकडे असत. धान्य घेणं, नोकरांना शिधा वाटणं, उसनवारी सांभाळणं, हिशेब लिहिणं ही सगळी त्याची कामं. पुष्कळदा तो स्वतःच गुलाम असे. म्हणजे लाखोंची उलाढाल हातात, पण नावावर काही नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ पोटीफराच्या घरी असाच होता. धनी इतका निर्धास्त, की स्वतःच्या ताटातल्या अन्नापलीकडे त्याला कशाचीच चौकशी करावी लागत नसे.

या चित्राला दोन बाजू आहेत आणि दुसरी बाजू उपदेशांत फार कमी वेळा येते. हे तुझं नाही, हिशेब द्यावा लागेल, ही पहिली. दुसरी अशी, की कारभाऱ्याला खराखुरा अधिकार असतो. धनी त्याला नाण्यानाण्याचा हुकूम देत नाही. धन्याचा स्वभाव ओळखून निर्णय त्यानेच घ्यायचे असतात. त्यामुळे घर मोठं घ्यावं का, मुलांसाठी किती मागे ठेवावं, कुणाला किती द्यावं, या प्रश्नांची छापील उत्तरं बायबलमध्ये शोधणाऱ्याची निराशा होते. तिथे धन्याचा स्वभाव सांगितलेला आहे.

तो स्वभाव सर्वांत ठळक दिसतो जमिनीच्या कायद्यात. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात देव इस्राएली लोकांना सांगतो, की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे. तुम्ही माझ्याकडे उतरलेले उपरे आहात. मग पुढची व्यवस्था येते. दर पन्नासाव्या वर्षी, म्हणजे योबेल वर्षी, विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची. किंमत ठरवायची पद्धतही त्याला साजेशी: पुढच्या योबेलपर्यंत किती पिकं निघतील ते मोजायचं आणि तेवढाच भाव लावायचा. वर्षं जास्त उरली तर भाव जास्त, कमी उरली तर कमी. विकली जायची ती पिकं; जमीन विकलीच जात नसे. दर सातव्या वर्षी कर्जमाफी, आणि माफीचं वर्ष जवळ आलं म्हणून गरिबाला कर्ज नाकारू नका असा खास इशारा (अनुवाद हे पुस्तक, अध्याय १५). कापणी करताना शेताच्या कडा सोडायच्या, खाली पडलेली कणसं उचलायची नाहीत; ती गरिबांची आणि परदेशीयांची. रूथ या विधवेची गोष्ट याच नियमाच्या आधाराने पुढे सरकते. योबेल प्रत्यक्ष पाळल्याचा एकही प्रसंग बायबलमध्ये नोंदलेला नाही, हेही सांगायला हवं. पण कायदा लिहिणाऱ्याला काय हवं होतं ते स्पष्ट आहे. एका पिढीचं अपयश पुढच्या सगळ्या पिढ्यांच्या मानगुटीवर बसू नये.

‘पैसा हे सर्व पापाचं मूळ’ असं बायबल म्हणतं, अशी एक पक्की समजूत आहे. तसं ते म्हणत नाही. नव्या करारात प्रेषित पौल आपला सहकारी तीमथ्य याला लिहितो ते पैशाच्या लोभाबद्दल, आणि तो लोभ गरिबालाही जडू शकतो. त्याच अध्यायात पुढे पौल श्रीमंतांना श्रीमंती सोडून द्या असं सांगत नाही. गर्व करू नका, चंचल धनावर आशा ठेवू नका, उदार व्हा, असं सांगतो. आणि देव आपल्याला सगळं उपभोगासाठी विपुल देतो, असंही त्याच वाक्यात म्हणतो. चांगलं खाणं-लेणं म्हणजेच पाप, असं मानणाऱ्यांनी ते वाक्य जरूर वाचावं.

येशू मात्र पैशाकडे तटस्थ वस्तू म्हणून पाहत नाही. देव आणि धन, दोघांची चाकरी करता येत नाही, हे त्याचं प्रसिद्ध वचन. तिथे धनासाठी ‘मामोन’ हा अरामी शब्द तसाच ठेवला आहे, आणि तो एखाद्या धन्याचं नाव असावं तसा वापरला आहे. कारभाऱ्याला धनी एकच असू शकतो. पैसा हातातलं साधन म्हणून येतो आणि हळूहळू धन्याच्या खुर्चीत बसतो, ही येशूची खरी काळजी आहे.

मग ख्रिस्ती माणसाने सगळं विकून टाकायचं का? लूकच्या शुभवर्तमानात लागोपाठच्या दोन अध्यायांत दोन श्रीमंत भेटतात. अठराव्यात एक अधिकारी येतो. त्याला येशू सांगतो, सगळं विकून गरिबांना दे. तो खिन्न होतो. एकोणिसाव्यात जकातदारांचा प्रमुख जक्कय भेटतो. तो आपणहून म्हणतो, अर्धं गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं असेल त्याला चौपट परत करतो. येशू त्याला उरलेल्या अर्ध्याबद्दल एका शब्दाने विचारत नाही. या घराला आज तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळालं, असं म्हणतो. आणि त्याआधी आठव्या अध्यायात काही स्त्रिया आहेत, ज्या आपल्या पैशातून येशूचा आणि शिष्यांचा खर्च चालवत होत्या. त्यांतली योहान्ना ही गालीलचा शासक हेरोद याचा कारभारी खुजा याची बायको. तिने सगळं विकलं असतं तर पुढचा खर्च कुणी केला असता? एकाला सगळं सोडायला सांगितलं, दुसऱ्याने अर्धं दिलं, तिसरीने हातात ठेवून महिनोन्‌महिने खर्चलं. मला वाटतं, येशू प्रत्येकाच्या मुठीकडे बघत होता. ज्याची जितकी घट्ट, त्याला तितकं कठीण औषध.

त्या खिन्न झालेल्या अधिकाऱ्याच्या प्रसंगातच सुईच्या नाकातून जाणाऱ्या उंटाचा दाखला येतो. यरुशलेमात ‘सुईचं नाक’ नावाचा एक छोटा दरवाजा होता आणि उंटाला ओझं उतरवून, गुडघे टेकून त्यातून जाता येई, असं स्पष्टीकरण तुम्ही ऐकलं असेल. तसा दरवाजा होता याला कोणताही पुरावा नाही. ते स्पष्टीकरण कितीतरी शतकांनंतरचं आहे. येशूला अशक्य म्हणायचं होतं, आणि शिष्यांनीही तोच अर्थ घेतला, म्हणून तर ते हबकले. माणसाला अशक्य ते देवाला शक्य आहे, असं तो पुढे म्हणतो. धारदार वाक्याची धार काढून टाकली की ते ऐकायला सोपं जातं, पण मग त्याची गरजच उरत नाही.

कारभारीपणावरचा सर्वांत परिचित दाखला तालंतांचा (मत्तय २५). धनी परदेशी जाताना एका चाकराला पाच, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक तालंत देतो. तालंत हे वजनाचं माप होतं आणि चांदीचा एक तालंत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. दिनार ही मजुराची दिवसभराची मजुरी. म्हणजे एका तालंतात मजुराची वीसेक वर्षांची कमाई. ज्याला ‘फक्त एक’ मिळाला त्याच्याही हातात एवढी रक्कम होती. पहिले दोघे व्यापार करून दुप्पट करतात. तिसरा पुरून ठेवतो आणि जशीच्या तशी परत करतो. त्याने चोरी केली नाही, उधळलं नाही, तरी धनी त्याच्यावर कडाडतो. कारण विचारलं तर तो म्हणतो, मला तुझी भीती वाटली. धन्याबद्दलची त्याची समजूतच चुकलेली होती, आणि म्हणून पैशाचं काय करायचं हेही चुकलं.

या दाखल्याचा आधार घेऊन ‘बघा, देवाला नफा आवडतो’ असं म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. पाच कमावणाऱ्याला आणि दोन कमावणाऱ्याला धनी जी शाबासकी देतो तिचे शब्द अगदी सारखे आहेत. कमाईच्या आकड्याने शाबासकी वाढत नाही. आणि हा दाखला संपताच त्याच अध्यायात शेवटच्या न्यायाचं चित्र येतं, जिथे विचारणा होते ती भुकेल्याला जेवू घातलं का, उघड्याला पांघरलं का, तुरुंगातल्याला भेटलात का याची. गुंतवणुकीचा परतावा तिथे अशा भाषेत मोजला जातो.

आता दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवासाठी देणं. मंडळीत पैशाचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो: दहा टक्के हिशेबाने की मनाने? कर कापण्याआधीच्या पगारावर की नंतरच्या? जुन्या करारातला दशमांश मुळात एकच नव्हता. गणना या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायानुसार तो लेव्यांचा, कारण उपासनेचं काम करणाऱ्या त्या वंशाला जमिनीचा वाटा नव्हता. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात वेगळंच दिसतं: कुटुंबाने तो देवासमोर बसून आनंदाने खायचा, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच साठवून लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खाऊ घालायचं. सगळं जोडलं तर आकडा दहा टक्क्यांच्या वर जातो, पण त्यात सण आहे, पगार आहे आणि गरिबांची सोयही आहे. येशू दशमांशाचा उल्लेख करतो तो मुख्यतः टोचण्यासाठी: पुदिना, शेप, जिरं यांचा दहावा भाग मोजता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता. ते करायचं आणि हेही सोडायचं नाही, असं तो म्हणतो. पौल विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, मंडळ्यांना देण्याविषयी दोन अध्याय लिहितो (दुसरे करिंथ ८ आणि ९), पण दशमांश हा शब्द त्यात एकदाही वापरत नाही. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा बळजबरीने नको, असं त्याचं म्हणणं.

पुढे युरोपात दशमांश हा कर झाला. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने ७७९ साली तो सक्तीचा केला. फ्रान्समध्ये तो क्रांतीच्या वर्षी, १७८९ साली गेला. प्रीतीने द्यायची गोष्ट वसुलीची झाली की लोकांच्या मनात चर्चबद्दल काय साठतं, हे त्या हजार वर्षांत पुरेसं दिसलं. आजही ख्रिस्ती पंथांत यावर एकमत नाही. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या दहावा भाग किमान कर्तव्य मानतात. कॅथलिक चर्च सभासदांनी आपापल्या कुवतीनुसार चर्चच्या गरजा भागवाव्यात असं सांगतं, टक्का ठरवत नाही. माझं मत विचाराल तर दहावा भाग ही सुरुवातीला हाताला वळण लावणारी चांगली सवय आहे. अडचण होते ती उरलेले नव्वद आपले झाले असं वाटू लागतं तेव्हा. कारभाऱ्याला शंभराचाही हिशेब द्यायचा असतो. दशमांश चोख देणारा माणूस मजुराची मजुरी थकवत असेल, तर याकोबाच्या पत्रात म्हटल्याप्रमाणे ती थकवलेली मजुरीच देवाकडे ओरडत असते.

साठवणं पाप आहे का, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. नीतिसूत्रांत मुंगीचं कौतुक आहे. योसेफाने सुकाळात पिकाचा पाचवा हिस्सा साठवला म्हणून दुष्काळात मिसर (इजिप्त) जगला. उलट लूकच्या बाराव्या अध्यायात अमाप पीक आलेला श्रीमंत कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो, आणि देव त्याला मूर्ख म्हणतो. फरक कुठे? त्या श्रीमंताचं स्वगत मोठ्याने वाचून पाहा: माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, माझा माल, माझा जीव. त्याच्या सगळ्या बेतात दुसरं माणूसच नाही. योसेफाचं कोठार उघडायला बांधलेलं होतं.

याच दाखल्यावर चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बेसिल याने जे प्रवचन दिलं त्याचा ठसा आजवर पुसलेला नाही. आजच्या तुर्कस्तानातल्या त्या भागात त्या काळी मोठा दुष्काळ पडला होता. तू राखून ठेवलेली भाकरी भुकेल्याची आहे, पेटीतलं वस्त्र उघड्याचं आहे, पडून कुजणारे जोडे अनवाण्याचे आहेत, असं तो श्रीमंतांना म्हणाला. न देणाऱ्याला आपण कंजूष म्हणतो. बेसिलच्या हिशेबात तो चोर होता. त्याने स्वतःची मालमत्ताही गरिबांवर खर्च केली आणि शहराबाहेर आजारी आणि निराधार लोकांसाठी मोठं सेवास्थान उभारलं. थोड्या वर्षांनी योहान ख्रिसोस्तोम या प्रसिद्ध प्रवचनकाराने हेच आणखी कडक शब्दांत मांडलं.

सगळं सोडण्याची वाटही वाहती राहिली. तिसऱ्या शतकात मिसरमधल्या अँथनीने ‘सगळं विकून टाक’ हे वचन उपासनेत ऐकलं आणि वडिलोपार्जित जमीन देऊन टाकून तो वाळवंटात गेला. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जे नियम लिहिले त्यांत कुणाच्याही मालकीची लेखणीसुद्धा नाही. मला त्या नियमांतली आणखी एक गोष्ट फार आवडते. मठाच्या कोठीवाल्याला सांगितलं आहे, की भांडी-अवजारं सगळी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मान. फावडंही पवित्र, कारण तेही सोपवलेलं आहे.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने दोन टोकांमधली वाट बांधून दिली. खासगी मालकी असू द्यावी, कारण आपल्या वस्तूची माणूस अधिक काळजी घेतो, कामाची जबाबदारी स्पष्ट राहते आणि भांडणं कमी होतात. पण वापराच्या वेळी ती सर्वांची समजावी आणि गरजूला सहज द्यावी. प्राणावर बेतलेल्या माणसाने दुसऱ्याचं घेतलं, तर तिथे चोरी हा शब्द लागू होत नाही, असंही तो लिहितो. पोप लिओ तेराव्याने १८९१ साली कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढलं, तेव्हा खासगी मालकीचा हक्क आणि कामगाराला कुटुंब चालेल इतकं वेतन, या दोन्ही बाजू त्याने धरल्या.

जॉन वेस्ली या अठराव्या शतकातल्या इंग्लिश धर्मोपदेशकाने सूत्र दिलं: प्रामाणिकपणे जमेल तेवढं कमवा, जमेल तेवढं वाचवा, जमेल तेवढं द्या. ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाचा हिशेब त्याने नोंदवून ठेवला आहे. तो तरुण स्वतः वेस्लीच, असं सहसा मानलं जातं. पहिल्या वर्षी ३० पौंड मिळाले, २८ मध्ये भागवलं, २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले, खर्च २८, दिले ३२. मग ९०, दिले ६२. मग १२०, खर्च तोच २८, दिले ९२. मिळकत वाढली की राहणी वाढवायची, हे आपण निसर्गनियमासारखं धरून चालतो. तसं धरायलाच हवं असं नाही, हे चार ओळींच्या जमाखर्चातून दिसतं.

आता ज्या शिकवणीने मला सर्वाधिक वेदना होतात तिच्याबद्दल. विसाव्या शतकात अमेरिकेतून पसरलेली ‘समृद्धीची सुवार्ता’ सांगते, की देवाला द्या, तो कित्येक पटींनी परत देईल. गरिबी आणि आजार म्हणजे विश्वास कमी पडल्याची खूण. तिचं आवडतं वचन मलाखी ३:१०: दशमांश कोठारात आणा आणि मी आकाशकपाटं उघडतो की नाही ते बघा. हे वचन ज्या लोकांना उद्देशून आहे त्यांच्या कोठारातून लेव्यांची पोटं भरत होती. आणि त्याच अध्यायाच्या पाचव्या ओवीत देव मजुराची मजुरी दाबणाऱ्यांवर, विधवा, अनाथ आणि परदेशी यांना छळणाऱ्यांवर आरोप ठेवतो. ती ओवी वगळून दहावी वाचणं म्हणजे धन्याच्या नावाने धन्याच्याच माणसांना लुबाडणं.

विधवेच्या दोन टोल्यांचंही तसंच. मंदिराच्या भांडारात तिने टाकलेली ती दोन अगदी लहान नाणी येशूने सर्वांत मोठं दान ठरवली, हे खरं. पण मार्कच्या बाराव्या अध्यायात त्याच्या लगेच आधीचं वाक्य काय आहे? विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या पंडितांना, येशू अधिक शिक्षेची ताकीद देतो. तिची भक्ती खरी होती आणि तिच्याजवळ शेवटी काहीच उरू न देणारी व्यवस्था वाईट होती, या दोन्ही गोष्टी मार्कने शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. वृद्ध विधवेच्या औषधाचे पैसे आशीर्वादाच्या नावाखाली घेणाऱ्या कुणालाही हा उतारा आधार म्हणून वापरता येणार नाही.

आणि म्हणून पौलाचा वर्गणीचा उपक्रम मला इतका मोलाचा वाटतो. यरुशलेमातल्या गरीब बांधवांसाठी तो मासेदोनिया, अखया, गलतिया इथल्या मंडळ्यांतून पैसे जमवत होता. करिंथकरांना त्याने आधीच कळवलं, की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीच्या मानाने काही बाजूला ठेवावं, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको. रक्कम न्यायला माणसं तुम्ही पसंत करा, असंही त्याने लिहिलं. त्याच्या शब्दावर मंडळ्या जीव टाकत होत्या, तरी त्याने पैसा एकट्याच्या हाती ठेवला नाही. दुसऱ्या पत्रात तो कारण सांगतो: या मोठ्या रकमेवरून कुणी आम्हाला दोष देऊ नये; प्रभूसमोर आणि माणसांसमोरही जे चांगलं दिसेल ते आम्ही करतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २० मध्ये त्या प्रवासातल्या सोबत्यांची यादी आहे: बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकाचे अरिस्तार्ख आणि सकुंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आसिया प्रांताचे तुखिक आणि त्रफिम. अनेक अभ्यासक यांना वर्गणी घेऊन निघालेले मंडळ्यांचे प्रतिनिधी मानतात. गावोगावची सात माणसं, परक्यांचे पैसे घेऊन, कधीही न भेटलेल्या भुकेल्यांकडे निघालेली.